काळ्या शववाहिनीचा रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात वैकुंठरथ बहुतेक ठिकाणी पांढरे किंवा फिकट रंगाचे असतात. काळी गाडी दिसते ती मुख्यतः ख्रिस्ती वस्त्यांत: वसई, उत्तन, वांद्रे, माहीम आणि खाली गोव्यात. गाडी कधी पॅरिशची (स्थानिक चर्चची) असते, कधी एखाद्या मंडळाची, कधी शवपेट्या बनवणाऱ्या अंडरटेकरची. सांभाळणारा मात्र बहुधा एकटा ड्रायव्हर. खालचे बहुतेक प्रश्न ड्रायव्हरांनीच विचारलेले आहेत, त्यामुळे उत्तरंही त्यांच्या सोयीने दिली आहेत.

काळा रंगच इतक्या लवकर खराब का दिसतो?

खराब सगळेच रंग होतात, काळ्यावर ते लपत नाही, एवढंच. चरा पडला की त्याच्या कडेवर प्रकाश पडून तो पांढरट चमकतो. पांढऱ्या गाडीवर हा चकाकणारा चरा रंगात मिसळून जातो, काळ्यावर उठून दिसतो. दुसरी गोष्ट उष्णता. काळा पत्रा ऊन शोषतो. मे महिन्यात बोनेटवर तळहात टेकवत नाही. अशा तापलेल्या पत्र्यावर पाणी, पक्ष्यांची विष्ठा, फुलांचा चीक जे पडेल ते लवकर सुकतं आणि घट्ट बसतं.

रोज सकाळी न चुकता फडका मारतो, तरी रंगावर जाळी कशी आली?

फडका मारता म्हणूनच आली. रात्रभर गाडीवर बसलेल्या धुळीत बारीक वाळू असते. किनाऱ्यालगत ती जास्तच, आणि गोव्यात त्यात जांभ्याची लाल माती. कोरड्या फडक्याखाली ती पॉलिशपेपरचं काम करते. एका दिवसात काही कळत नाही, वर्षभरात कळतं. संध्याकाळी सावलीत मोबाईलचा टॉर्च बोनेटवर धरून बघा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतील. टॉर्च सरकवला की जाळंही सरकतं, कारण चरे सगळीकडे आहेत आणि प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात. डिटेलिंगवाले (गाडीच्या रंगाची निगा राखणारे) यांना स्वर्ल मार्क म्हणतात.

मेणकट धाग्यांची लाल झटकणी मिळते, ती फडक्यापेक्षा बरी, पण तीही धूळ ओढतच नेते. आमचं मत स्पष्ट आहे: उन्हापावसाने जितक्या काळ्या गाड्या बिघडल्या नसतील तितक्या कोरड्या फडक्याने बिघडल्या आहेत. रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी पाच वर्षांनी जास्त काळी दिसते. मधल्या दिवसांत धूळ दिसली तर दिसू द्या.

मग धुवायची कशी?

सावलीत, आणि पत्रा गार झाल्यावर. आधी नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर. हात लावायच्या आधी सुटी धूळ निघून गेली पाहिजे. मग दोन बादल्या घ्या: एकीत कार शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक पॅनल धुवायचं, मोजा साध्या पाण्यात खळबळून काढायचा, पिळायचा आणि मग पुन्हा शॅम्पूत. एकच बादली वापरली तर दारावरची माती फिरून बोनेटवर जाते. छत, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग, शेवटी खालचा भाग असा क्रम ठेवा. चाकांना वेगळा ब्रश आणि वेगळं फडकं.

कपड्यांची पावडर नको, भांड्यांचा साबणही नको. दोन्ही मळाबरोबर वॅक्स काढून नेतात. स्पंज टाळा, कारण त्याच्या सपाट तळाशी खडा अडकला की तो तिथेच घासत राहतो. मोज्याच्या लांब धाग्यांत खडा आत ओढला जातो.

पुसायला मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्या. तो गाडीवर पसरायचा आणि हलकेच ओढायचा, रगडायचा नाही. जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाद.

बोअरवेलचं पाणी चालतं का?

धुवायला चालतं, सुकू द्यायला नाही. समुद्रालगतच्या बोअरवेलच्या पाण्यात क्षार भरपूर. थेंब सुकला की पाणी उडतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचं कडं मागे राहतं. बोअरवेल वापरायचीच असेल तर एक पॅनल धुतलं की लगेच पुसा, आणि शेवटी नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने धुवून काढा.

घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी गाडीसाठी वापरतो. बरोबर आहे ना?

पाणी वाचवता हे चांगलं, पण काळ्या गाडीसाठी तेच सगळ्यात वाईट पाणी. फिल्टरने बाजूला काढलेले क्षार त्यात एकवटलेले असतात. ते फरशीला वापरा.

पांढरी कडी आधीच पडली आहेत, ती कशी काढायची?

ताजी असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. गार पत्र्यावर ओलं फडकं मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. घासू नका. कडं गेलं पण त्या जागी बारीक खळगा दिसत असेल, तर क्षारांनी क्लिअरमध्ये (रंगावरच्या सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात) खाल्लं आहे. तिथे व्हिनेगर काही करणार नाही, पॉलिश लागेल.

मेणबत्तीचं मेण सांडलं तर?

नखाने नाही, चाकूने तर मुळीच नाही. मेण गार होऊ द्या. जाड गोळा प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने आडवा सरकवून उचला. मागे जो पातळ तेलकट ठसा राहतो त्यावर हेअर ड्रायर थोडा लांबून धरा. साधं मेण ५० ते ६५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे ड्रायरची मध्यम उष्णता पुरे. वितळलेलं मेण टिश्यू पेपरने टिपा, प्रत्येक वेळी कागदाची कोरी बाजू घ्या. टिपायचं, पसरवायचं नाही. शेवटी शॅम्पूचा मोजा फिरवा. रंगीत मेणबत्ती असेल तर घाई करा, तिचा रंग उन्हात खाली झिरपतो.

फुलं, रीथ (पुष्पचक्र), फोटो यांनी रंग बिघडतो का?

फुलांपेक्षा त्यांच्याबरोबर येणाऱ्या वस्तू जास्त बिघडवतात. रीथच्या मागे तारेचा सांगाडा असतो. गाडी निघाली की तो बोनेटवर थरथरतो आणि एका फेरीत रंगावर अर्धवर्तुळ कोरतो. फुलं खोचायच्या हिरव्या स्पंजातून पाणी झिरपतं आणि उन्हात सुकून ओघळाचे डाग ठेवतं. लिलीचे पराग कोरडे असताना फुंकरीने जातात, ओल्या हाताने पुसले तर चिकटतात. पाकळ्यांचा रंग काळ्यावर दिसत नाही, पण रात्रभर चिकटून राहिलेल्या पाकळीचा आकार सकाळी उमटलेला दिसतो.

उपाय स्वस्त आहे. गाडीत जाड काळ्या फ्लॅनेलचा एक स्वच्छ तुकडा ठेवा आणि रीथखाली अंथरा. काळ्यावर काळा असल्याने कुणाला दिसतही नाही. तारेच्या टोकांना कापडी पट्टी गुंडाळा. दफनविधी आटोपला की फुलं गाडीवर घरी आणू नका, तिथेच उतरवा.

फोटो चिकटवायला घरची मंडळी तपकिरी टेप आणतात, आणि नको म्हणायची ती वेळ नसते. त्याआधीच पेंटरची कागदी टेप पुढे करा. तपकिरी टेप लागलीच, तर त्याच दिवशी हेअर ड्रायरने कोमट करून रंगाला समांतर, सावकाश सोलून काढा. उरलेला चिकटा टार रिमूव्हरने किंवा थोड्या खोबरेल तेलाने भिजवून पुसा आणि तेल शॅम्पूने धुवून टाका. पेट्रोल, थिनर नको.

लोक गाडीवर हात ठेवतात, टेकून उभे राहतात, अंगठ्या-बांगड्या घासतात. त्यांना थांबवावं का?

नाही. मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सुटल्यावर आई काचेवर कपाळ टेकवून उभी असते, भाऊ दारावर हात ठेवून चालतो. त्या वेळी ड्रायव्हर रंगाची काळजी करताना दिसला तर लोक ते विसरत नाहीत. हे चरे धरूनच चालायचं आणि ते जिथे पडतात तिथे आधीच संरक्षण लावायचं. जागा ठरलेल्या असतात: मागच्या काचेखालची पट्टी, दोन्ही बाजूंचा कमरेच्या उंचीचा भाग, दारांच्या मुठींमागची वाटी.

मागच्या दाराच्या उंबरठ्यावर सगळा रंग गेला आहे. तिथे काय करायचं?

पेटी आत जाताना तिचा तळ तिथे घासतो, खांदेकऱ्यांचे पट्ट्यांचे बक्कल आणि बूटही तिथेच लागतात. त्या पट्टीला पुन्हा पुन्हा टचअप करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. एकदा नीट घासून, गंज असेल तर काढून, प्राइमर मारून रंगवा. वरच्या सपाट भागावर स्टेनलेस स्टीलची पट्टी बसवा आणि बाहेरच्या उभ्या भागावर पीपीएफ, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म. ही १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, गाडीच्या सगळ्या रंगथरांपेक्षा जाड. फिल्मवरचे किरकोळ चरे उन्हाच्या उबेने भरून येतात. पूर्ण गाडीला फिल्म लावायचा खर्च बहुतेक मंडळांना झेपत नाही आणि गरजही नसते. उंबरठा, कमरेची पट्टी, मुठींच्या वाट्या आणि बोनेटची पुढची कड एवढं पुरे.

दफनभूमीत झाडाखाली गाडी उभी असते. पक्ष्यांची आणि वटवाघळांची घाण किती वेळात काढावी?

त्याच दिवशी. पत्रा उन्हात तापला की क्लिअर किंचित मऊ होऊन फुगतं, रात्री गार होऊन आकसतं. वर सुकलेली विष्ठा असेल तर तिच्याभोवती आकसून कायमचा ठसा घेतं. गाडीत पाण्याची एक बाटली आणि दोन मायक्रोफायबर ठेवा. ओलं फडकं पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग उचलायचं.

बफिंग (मशीनने पॉलिश) दर वर्षी करून घ्यावं का?

नको, आणि याचं कारण नीट समजून घ्या. कंपनीच्या रंगात पत्र्यावर ई-कोट (गंजरोधक पहिला थर), त्यावर प्राइमर, मग काळा बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर असतं. सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यात क्लिअर ४० ते ५०. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास. चरा बुजवता येत नाही. पॉलिश करतं काय, तर चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं क्लिअर खरवडून पातळी सारखी करतं. जोरदार कंपाउंडिंगमध्ये (खरखरीत पॉलिशने घासण्यात) दोन-चार मायक्रॉन सहज जातात. उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यं याच क्लिअरमध्ये असतात. म्हणजे पूर्ण बफिंग गाडीच्या आयुष्यात मोजक्या वेळाच परवडतं.

म्हणून गाडी देताना गॅरेजवाल्याला तीन गोष्टी विचारा. पेंट गेजने जाडी मोजणार का? दर पॅनलवर चार-पाच ठिकाणी मोजून आकडे लिहून द्यायला सांगा. ८० च्या खाली कुठे गेलं असेल तर तिथे मशीन नको. २०० च्या वर असेल तर ते पॅनल आधी रंगवलेलं आहे, आणि ५०० च्या वर असेल तर खाली पुट्टी आहे. दुसरं, आधी एका फुटाच्या चौकोनावर सगळ्यात सौम्य पॉलिशने करून दाखवणार का? तेवढ्याने भागलं तर कंपाउंडला हात लावायचा नाही. तिसरं, मशीन कोणतं? गोल फिरणारं रोटरी वेगाने कापतं, पण कच्च्या हातात काळ्या रंगावर होलोग्राम सोडतं: सावलीत आरसा, उन्हात तेलकट पट्टे. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन हळू चालतं, काळ्याला तेच बरं. पॅनलच्या कडा आणि उठावदार रेघांवर क्लिअर पातळ असतं, तिथे मास्किंग टेप लावलेली दिसली पाहिजे.

मशीन लावण्याआधी गाडी धुणं, आयर्न रिमूव्हर आणि क्ले (रुतलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा) हे झालंच पाहिजे. रेल्वेरुळाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवर ब्रेकच्या लोखंडाचे कण रुतलेले असतात. आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ दिसतात ते त्यांचेच. हे कण पॅडखाली आले तर तेच नवे चरे पाडतात.

आणि डिलिव्हरी घेताना गाडी दुपारच्या उन्हात बघा. काही पॉलिशमधली तेलं चरे भरून टाकतात आणि दोन धुण्यांत जाळी परत येते. एका पॅनलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण मारून पुसायला सांगा. तेल निघून खरं काम दिसतं.

आमच्या गाडीची मागची बॉडी फायबरची आहे. फरक पडतो का?

पडतो. साधं पेंट गेज धातूवरच चालतं, फायबरवर आकडा येत नाही, त्यामुळे काम अंदाजाने करावं लागतं. शिवाय फायबर उष्णता पसरू देत नाही. मशीन एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं की रंग जळतो. वेग कमी, दाब कमी, आणि मधूनमधून हात लावून बघायचं.

जुनी गाडी पुसली की फडकं काळं होतं. रंग निघतोय का?

हो, आणि घाबरण्यासारखं काही नाही. जुन्या गाड्यांवर आणि स्वस्तात रंगवलेल्यांवर क्लिअर नसतं, नुसता एकथरी काळा असतो. वरचा सुकलेला थर निघतो तोच फडक्याला लागतो. असा रंग हलक्या हाताने पॉलिश केला तर छान खोल काळा होतो, मात्र त्यावर वॅक्स कायम पाहिजे, नाहीतर पुन्हा राखाडी पडतो.

छतावर पांढरट पापुद्रे सुटले आहेत. पॉलिशने जातील?

जाणार नाहीत. क्लिअर बेसकोटपासून सुटलं आहे. मशीन लावलं तर पापुद्रा आणखी उचकटेल. छत घासून नव्याने रंगवणं हाच मार्ग.

मग रंगकाम कधी करावं? पावसाळ्यात गाडीला काम कमी असतं.

मरण काही ऋतू बघून येत नाही, त्यामुळे काम कमी असतं हेही गृहीत धरू नका. पण रंगासाठी पावसाळा वाईटच. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते, कंप्रेसरच्या नळीतून पाणी आलं तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. बंद बूथ आणि बेकिंग असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ धरा. टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) रंगच मारायला सांगा, साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) नको. त्यातल्या हार्डनरच्या वाफा फुप्फुसांना घातक असतात, रंगवणाऱ्याच्या तोंडावर नुसता रुमाल असेल तर त्यालाही टोका.

हवेवर वाळवलेल्या नव्या रंगावर महिना-दोन महिने वॅक्स किंवा कोटिंग नको, आतला थिनर बाहेर पडायला वाट हवी.

वॅक्स, सीलंट की सिरॅमिक कोटिंग?

कार्नोबा वॅक्स काळ्यावर सगळ्यात सुंदर दिसतं आणि आमच्या हवेत महिना-दोन महिन्यांत उतरतं. सीलंट (कृत्रिम संरक्षक थर) चार-सहा महिने टिकतं. सिरॅमिक दोन-तीन वर्षं टिकू शकतं, पण जाहिरातीतल्या ‘नऊ एच’ला भुलू नका. ती पेन्सिलींच्या कडकपणाची मोजणी आहे, हिऱ्या-दगडांची नव्हे. सिरॅमिक केलेल्या गाडीवर अंगठी घासली तर चरा पडतोच. फायदा असा की मळ पटकन सुटतो आणि विष्ठेला रंग खायला वेळ लागतो.

शववाहिनीची खरी अडचण वेगळीच आहे. कोटिंगनंतर गाडी निदान एक दिवस भिजता कामा नये, आणि आठवडाभर शॅम्पू नको. इकडे फोन कधीही येतो. शेजारच्या पॅरिशची गाडी तेवढे दिवस मिळण्याची सोय असेल आणि तुमची गाडी छपराखाली उभी राहत असेल, तरच सिरॅमिक करा. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला वर्षातून दोनदा सीलंट, मे अखेरीस आणि पावसाळ्यानंतर. आम्ही बहुतेकांना हेच सांगतो, यात आमचं बिल कमी होतं तरी.

रॉकेल किंवा डिझेलचा हात मारला की गाडी एकदम चमकते. त्यात वाईट काय?

चमक तेलाची आहे. तासाभरात त्यावर धूळ बसते, ती पुसताना नवे चरे पडतात आणि दारांचे रबर फुगतात. पेटीजवळ बसणाऱ्यांना वास येतो तो वेगळाच. डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश बाहेरून मारू नका: पुढे कधी रंगवायची वेळ आली की सिलिकॉनमुळे ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांएवढे खड्डे पडतात आणि पेंटर तुम्हाला शिव्या घालतो.

कव्हर घालावं का?

धुतलेल्या, कोरड्या गाडीवर घालायला हरकत नाही. धुळकट गाडीवर कव्हर वाऱ्याने हलून घासतं. प्लास्टिकची ताडपत्री कधीच नको, आत घाम सुटतो. पत्र्याची साधी शेड सगळ्यांत चांगली.

कोविडपासून प्रत्येक फेरीनंतर ब्लीचचं पाणी मारतो. बाहेरूनही मारावं का?

२०२० च्या सरकारी सूचनांत गाडी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करायला सांगितलं होतं, तिथून ही सवय राहिली. आतला प्लॅटफॉर्म, हँडल यांना मारा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा. रंगावर, क्रोमवर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर ब्लीच सुकू देऊ नका. बाहेरून शॅम्पूने धुणं पुरतं.

दान मिळालेली पांढरी गाडी काळी करायची आहे. काही कागदपत्रं?

रंग आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळे आधी आरटीओत अर्ज करून बदल नोंदवून घ्या, विमा कंपनीलाही कळवा. काळ्या विनाइल रॅपलाही हेच लागू. रॅप स्वस्त पडतो, पण चकचकीत काळा विनाइल रंगापेक्षा लवकर चरतो, आणि खालचा रंग कच्चा असेल तर काढताना सोबत रंगही येतो.

पहाटे फोन आला, गाडी धुळीने माखलेली, हातात अर्धा तास. काय करावं?

फडका उचलू नका. पाइपने किंवा मगाने वरून खाली नुसतं पाणी मारा, दोन वेळा. पाणी नसेल तर वॉटरलेस वॉशचं मिश्रण भरपूर फवारा, मिनिटभर थांबा आणि चार घड्यांच्या मायक्रोफायबरने एका दिशेने, वजन न देता ओढा. दर दोन हातांनंतर घडी बदला. सगळी गाडी होणार नाही. मागचं दार, मागच्या दोन्ही बाजू आणि काचा करा, कारण माणसं तिथेच उभी राहतात. टायरला ओलं फडकं फिरवा. छत राहिलं तर राहू द्या, ते गॅलरीतून बघणाऱ्यांनाच दिसतं.